पावती मागणारी मुलगी

(पुण्यात महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या एकदिवसीय शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय ‘विद्यार्थिनींसाठी व्यवस्थापन कौशल्ये आणि ग्राहक संरक्षण’ असा छापला आहे. तो वाचून मीच जरा बिचकले. सकाळच्या सत्रात आपण हिंसेबद्दल बोललो, पोटगीबद्दल बोललो, आणि आता ही बाई हे काय घेऊन उभी राहिली, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असणार. म्हणून सुरुवातीलाच सांगते, मी एका खुर्चीबद्दल बोलणार आहे. अभ्यासिकेतल्या खुर्चीबद्दल. ती मुलीला कशी मिळते, कशी जाते, आणि जाऊ नये म्हणून तिला आणि आपल्याला काय काय यावं लागतं, एवढंच मला सांगायचं आहे.

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागात तुम्ही पहाटे कधी चालला असाल तर पाठीवर सॅक, हातात पाण्याची बाटली घेऊन झपझप निघालेल्या मुली तुम्हाला दिसल्या असतील. लातूर, नांदेड, बीड, यवतमाळ, बुलढाणा, सोलापूर असं कुठून कुठून त्या आलेल्या असतात. कोणी राज्यसेवेचा अभ्यास करते, कोणी कंबाइनचा, कोणी तलाठी किंवा पोलीस भरतीचा. एका खोलीत चौघी-पाचजणी कॉट बेसिसवर राहतात. तिथे झोपायला जागा असते, बसायला नसते. म्हणून अभ्यासिका. एखाद्या जुन्या इमारतीचा मजला, प्लायवुडचे आडवे-उभे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक खुर्ची, एक दिवा, एक प्लग. महिन्याची फी, सुरुवातीला डिपॉझिट, लॉकर हवा असेल तर त्याचे वेगळे पैसे. चाळीस-पन्नास अनोळखी माणसं दिवसाचे बारा-चौदा तास एका छपराखाली बसतात. आपण याला ‘अभ्यासाची जागा’ म्हणतो, पण खरं पाहता ही त्या मुलींची कामाची जागा आहे. पगार नाही, उलट पैसे त्याच देतात, एवढाच फरक.

या पेठांपासून हाकेच्या अंतरावर बुधवार पेठेत भिडे वाडा होता. १८४८ साली तिथे सावित्रीबाई आणि जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. तेव्हाचा छळ आणि आजची ही फीची भांडणं मी एका तराजूत घालत नाही. पण शिकायला निघालेल्या मुलीला निवांत बसायला जागा कोण देणार, कोणत्या अटींवर देणार, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

तुम्ही म्हणाल, अभ्यासिकेत मुलगेही बसतात, त्यांनाही लुबाडतात, मग यात बायकांचा वेगळा प्रश्न काय? फरक आहे. मुलाची खुर्ची गेली तर तो दुसऱ्या दिवशी दुसरीकडे बसतो. मुलगी मात्र शहरात मुदतीवर आलेली असते. ‘दोन वर्षं देतो, नाहीतर स्थळ बघतो’, हा करार घरात आधीच झालेला असतो. तिचं डिपॉझिट पुष्कळदा आईनं बचत गटातून कर्ज काढून दिलेलं असतं. त्यामुळे अभ्यासिकेत काही खटकलं तर ती दोन हिशोब करते. पैशाचा एक, आणि दुसरा, ‘घरी कळलं तर मला परत बोलावतील’. या दुसऱ्या हिशोबापायी ती गप्प बसते. मालकालाही हे माहीत असतं. तिची तक्रार त्याला भीती घालत नाही, तिच्या बापाचा फोन नंबर मात्र त्याच्या वहीत पहिल्या दिवसापासून असतो.

मी स्वतः एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा एका अभ्यासिकेत सात महिने बसले. सोडताना डिपॉझिट मागितलं तर तिथले दादा म्हणाले, “मॅडम, पावती आणा.” पावती त्यांनीच दिली नव्हती. मी सामाजिक न्यायावरची पुस्तकं सॅकमध्ये भरली आणि जिना उतरले. मैत्रिणीला म्हटलं, जाऊ दे, हजार रुपयांसाठी कोण भांडत बसणार? आज आठवलं की लाज वाटते. पैसे गेले त्याची नाही, तर मी ‘जाऊ दे’ म्हटलं आणि माझ्यानंतर त्या खुर्चीवर बसलेल्या मुलीला काहीच सांगितलं नाही, याची.

आता तीन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. एक मुलगी आमच्या केंद्रात आली. तिच्या अभ्यासिकेच्या मालकानं जागा बदलायचं ठरवलं होतं. नवी जागा मोठी, फी बाराशेची अठराशे. ज्यांना परवडत नाही त्यांनी सोडावं, पण डिपॉझिटचे पंधराशे मिळणार नाहीत आणि आगाऊ भरलेली फीही मिळणार नाही. तीन महिन्यांचे पैसे एकदम भरले तर थोडी सूट, असं सांगून त्यानं बऱ्याच जणींकडून आगाऊ पैसे घेतलेले होते. मुलींच्या बाजूला एकूण एकतीस जणी बसत होत्या.

आम्ही बैठक बोलावली. सगळ्या चिडलेल्या. मी विचारलं, कोणाचे किती येणं आहे? एकीलाही नेमका आकडा सांगता येईना. पैसे कधी भरले, रोख की फोनवरून, कोणाच्या नावावर, काही लिहिलेलं नाही. एकतीस जणींमध्ये पावत्या तीन. फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद आणखी सहा जणींकडे. बाकीच्यांचे रोख. ‘रोख द्या, वरची सूट मिळेल’ असं म्हणून घेतलेले. या मुलींना राज्यघटनेची कलमं तोंडपाठ, पंचवार्षिक योजना तोंडपाठ. ग्राहक संरक्षण कायदा तर त्यांच्या अभ्यासक्रमात आहे! एकीनं मला सहा ग्राहक हक्क धडाधडा म्हणून दाखवले. पण स्वतःच्या पंधराशे रुपयांचा पुरावा तिच्याजवळ नव्हता.

त्याच बैठकीला एका मुलीची आई आलेली होती, मुलीला डबा आणि लाडू घेऊन. चौथीपर्यंत शिकलेली बाई. ती सगळं ऐकत कोपऱ्यात बसली होती. शेवटी म्हणाली, “अगं पोरींनो, तुमची वही कुठंय?” तिच्या गटात दहा रुपयांची नोंदसुद्धा वहीत होते. महिन्याची बैठक ठरलेल्या तारखेला, कोण आलं कोण नाही ते लिहायचं, कर्ज कोणाला, हप्ता किती, खाली सह्या आणि अंगठे. बँकेतले पैसे एकटीच्या सहीनं निघत नाहीत. तिनं हे पाच मिनिटांत सांगितलं. व्यवस्थापन कौशल्यांवर माझ्यापेक्षा चांगलं भाषण त्या दिवशी तिनंच केलं.

मैत्रिणींनो, हल्ली महाविद्यालयांतून व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरं होतात. वेळेचं नियोजन, नेतृत्व, संवादकला असे रंगीत तक्ते भिंतीवर लावतात. मुलीला सांगतात, पहाटे उठ, यादी कर, हसतमुख राहा. म्हणजे सगळं व्यवस्थापन स्वतःचंच करायचं. समोरच्यानं फसवलं तर काय करायचं, दहाजणींना एकत्र कसं बसवायचं, खर्च कसा वाटून घ्यायचा, हे त्या तक्त्यांवर नसतं. आणि आपल्या आयांना, मावश्यांना हे येतं. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं. त्याच्या आणि इतर संस्थांच्या बचत गटांमधून गावोगावच्या बायका हे शिकल्या. शहरात शिकायला आलेली मुलगी मात्र ही विद्या ‘आईचं काहीतरी’ म्हणून गावीच ठेवून येते.

तर त्या मुलींनी काय केलं? दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर एकतीस नावं. पुढे प्रत्येकीचं एक पान: कधी प्रवेश घेतला, किती दिले, कोणाच्या हातात दिले, तेव्हा सोबत कोण होतं. ज्यांच्याकडे काहीच नव्हतं त्यांच्यासाठी शोध सुरू झाला. एकीच्या फोनमध्ये वाढदिवसाचा फोटो सापडला, त्यात मागे भिंतीवर खुर्च्यांचा तक्ता नावांसकट दिसत होता. काहींनी ‘दादा, डिपॉझिट दिलंय, लॉकरची किल्ली कधी मिळेल?’ असे निरोप व्हॉट्सॲपवर पाठवलेले होते, आणि दादांनी ‘उद्या’ असं उत्तर दिलं होतं. ते उत्तर म्हणजे पुरावाच. असं करत करत बावीस जणींचा हिशोब उभा राहिला.

मग कामं वाटली. एकीनं वही सांभाळायची. दोघींनी मालकाशी बोलायचं, एकटीनं कधीच नाही. एकीनं कायदा वाचून सोप्या भाषेत सांगायचा. एकीनं खर्चाचे पैसे, म्हणजे झेरॉक्स, टपाल, जमा करून हिशोब द्यायचा. बैठक आठवड्यातून एकदा, रात्री जेवणानंतर पाऊण तास, त्याहून जास्त नाही, कारण परीक्षा तोंडावर होती. हा पाऊण तासाचा नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या संघटनांच्या बैठका किती लांबतात ते आपल्याला माहीत आहे. ज्या मुलीचा एकेक तास मोलाचा आहे तिला लढ्यात आणायचं असेल तर तिचा वेळ जपला पाहिजे.

आता कायद्याचं बोलते. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा आला, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला. पैसे देऊन सेवा घेणारी व्यक्ती ग्राहक. अभ्यासिकेतली खुर्ची ही सेवा आहे आणि अभ्यास हा काही व्यापार नाही, तेव्हा मुलगी ग्राहक ठरते. शाळा-महाविद्यालयांतलं शिक्षण या कायद्यात येतं की नाही यावर न्यायालयांत वाद झाले आहेत. पण खासगी शिकवणीवर्ग या कायद्याच्या कक्षेत येतात, असं राष्ट्रीय आयोगानं २०२० च्या निकालात म्हटलं. अभ्यासिका तर शिकवतही नाही, ती जागा आणि सोयी देते.

या कायद्यातल्या चार-पाच गोष्टी तरी आपल्या प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर हव्यात. पहिली, बिल किंवा पावती न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावतीवर सेवा देणाऱ्याचं नाव-पत्ता, अनुक्रमांक, तारीख, ग्राहकाचं नाव आणि सही असली पाहिजे, असं २०२० चे नियम सांगतात. म्हणजे पावती मागणं हा उद्धटपणा नाही. दुसरी, सेवेत खोट असेल तर पैसे परत करायला नकार देणं हीसुद्धा अनुचित प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत पैसे परत झाले पाहिजेत. इथे एक सावधगिरी सांगते. आपल्यालाच कंटाळा आला म्हणून मधेच सोडलं तर ती सेवेतली खोट होत नाही. पण डिपॉझिट ही फी नव्हे. ते आपलेच पैसे, त्याच्याकडे ठेवायला दिलेले. ‘कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं फलकावर लिहिलं म्हणून ते त्याचे होत नाहीत. अवाजवी डिपॉझिट मागणाऱ्या, एकतर्फी अटींच्या करारांना हा कायदा ‘अन्याय्य करार’ म्हणतो. फक्त अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्ह्याला नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते.

तिसरी गोष्ट, तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, दोन वर्षांच्या आत. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. चौथी गोष्ट बाहेरगावच्या मुलींसाठी फार मोलाची. २०१९ च्या कायद्यानं तक्रार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेही करता येते. पुण्यातल्या मालकाविरुद्ध नांदेडची मुलगी नांदेडला तक्रार करू शकते, तीही घरबसल्या, ऑनलाइन. परीक्षा संपली, मुलगी गावी गेली, आता ती काय करणार, हा मालकाचा हिशोब या कलमानं चुकवला. पाचवी, सारख्याच तक्रारीच्या अनेक जणींना आयोगाच्या परवानगीनं एकत्र तक्रार करता येते. आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करता येतो. हेल्पलाइन निकाल देत नाही, मध्यस्थी करते. पण फोन केल्याची नोंद मिळते, आणि ती आपल्या वहीत चिकटवता येते.

मी कायद्याचं गोडवे गाणारं चित्र उभं करणार नाही. साध्या प्रकरणाचा निकाल तीन महिन्यांत लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडतात, हे आपल्यातल्या कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या सगळ्याजणी जाणतात. म्हणून आमच्या मुलींनी आधी नोटीस दिली. साध्या मराठीत, दीड पान, सोबत हिशोबाचा तक्ता, पंधरा दिवसांची मुदत, रजिस्टर्ड पोस्टानं.

नोटिशीवर सह्या किती झाल्या? एकतीसपैकी सतरा. बाकीच्या म्हणाल्या, “ताई, आमची नावं नकोत.” मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पुढे जे झालं त्यानं माझा राग उतरला.

नोटीस पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी मालकानं वही सांभाळणाऱ्या मुलीच्या वडिलांना फोन केला. शिवीगाळ नाही, काही नाही. एवढंच म्हणाला, “तुमची मुलगी इथं अभ्यास सोडून पोरींना गोळा करते, कोणाकोणाबरोबर फिरते. तुम्ही भले माणूस आहात म्हणून सांगतो.” वडील तिसऱ्या दिवशी पुण्यात आले. मी त्यांना भेटले, वही दाखवली, पानं उलटून दाखवली. ते शांतपणे ऐकत होते. म्हणाले, “ताई, तुमचं बरोबर असेल. पण गावात मला राहायचंय.” त्या संध्याकाळच्या गाडीनं ते तिला घेऊन गेले.

आठ दिवसांनी मालकानं सतरा जणींचं डिपॉझिट परत केलं, आगाऊ फीपैकी निम्मी दिली. आयोगात जायची वेळ आली नाही. सही न केलेल्या चौदा जणींना काही मिळालं नाही. ज्या मुलीनं वही लिहिली तिच्याही खात्यावर पंधराशे आले. तिचा निरोप आला, “ताई, पैसे आले. मी मात्र इथंच आहे.”

आमच्या अहवालात आम्ही ‘सतरा विद्यार्थिनींना न्याय’ असं लिहिलं. ते खोटं नाही. पण हे वाक्य वाचलं की मला तो निरोप आठवतो. चूक आमची होती. आम्ही कायदा पाहिला, पुरावा पाहिला, कामं वाटली, पण मालकाच्या हातात कोणतं हत्यार आहे ते आधी ओळखलं नाही. घरचा नंबर मुलीनं अडीअडचणीसाठी दिलेला असतो, तो दम द्यायला वापरला जाईल हे आम्हाला सुचायला हवं होतं. त्यानंतर असं प्रकरण आलं की आम्ही पहिलं पत्र मालकाला लिहीत नाही, मुलींच्या घरी लिहितो. ‘तुमच्या मुलीचे एवढे पैसे अडकले आहेत, ती आणि तिच्या मैत्रिणी रीतसर मागणी करत आहेत, सोबत आमची संस्था आहे, काही विचारायचं असेल तर या नंबरवर फोन करा.’ शक्य तिथे आईशी बोलतो. दोन ठिकाणी असं केलं, आणि दोन्ही ठिकाणी मालकाचा फोन गेला तेव्हा घरच्यांनी उलट त्यालाच विचारलं, “पावती का दिली नाही?”

आता सुरक्षिततेबद्दल दोन शब्द, कारण सामायिक जागेत पैशापेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. २७ जुलै २०२४ ला दिल्लीत जुन्या राजिंदर नगरमध्ये एका शिकवणीवर्गाच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्यांत दोन मुली होत्या. त्या तळघराला वाचनालयाची परवानगीच नव्हती, ते वाहनं आणि सामान ठेवण्यासाठी होतं. आपल्या पेठांतल्या जुन्या इमारतींत एकच जिना, खिडक्यांवर प्लायवुड, सगळीकडे वायरी, हे आपण रोज पाहतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यावा लागतो. तो बघायला मागा. बाहेर पडायचा दुसरा रस्ता कोणता, हे प्रवेश घेताना विचारा. सुरक्षितता हा ग्राहकाचा हक्क आहे.

दुसरी गोष्ट फोन नंबरांची. अभ्यासिकेच्या वहीतून नंबर घेऊन मुलींना निरोप पाठवण्याचे प्रकार आमच्याकडे आलेले आहेत. विश्वासानं दिलेली वैयक्तिक माहिती दुसऱ्याला देणं हीदेखील या कायद्याप्रमाणे अनुचित प्रथा आहे. पाठलाग, नको असताना सतत संपर्क हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. आणि २०१३ चा लैंगिक छळविरोधी कायदा फक्त नोकरी करणाऱ्या बाईसाठी आहे, असं समजू नका. त्यात पीडित स्त्री ‘नोकरीत असो वा नसो’ असं स्पष्ट लिहिलेलं आहे. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं, तीन महिन्यांच्या आत. आपल्यापैकी किती जणींना आपल्या जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे बसते ते माहीत आहे? हात वर करू नका, मनातच उत्तर द्या.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देते. आमच्याच एक ज्येष्ठ कार्यकर्त्या मला म्हणाल्या, “अगं, आपण बाईला माणूस म्हणा असं सांगत आलो, तू तिला ग्राहक कशी म्हणतेस? हा बाजाराचा शब्द आहे.” त्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं. मुलींना अभ्यासाला जागा विकत घ्यावी लागते, हीच मुळात लाजेची गोष्ट आहे. प्रत्येक प्रभागात, प्रत्येक तालुक्याला सार्वजनिक अभ्यासिका हवी, रात्री उशिरापर्यंत उघडी, उजेडाच्या रस्त्यावर, स्वच्छ संडास असलेली. ही मागणी आपण सोडायची नाही. पण ती मान्य होईपर्यंत आजची मुलगी आज कुठे बसणार?

आणि ग्राहक चळवळ काही बाजारानं आपल्याला भेट दिलेली नाही. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू झाली ती बायकांच्या पुढाकारानं. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली, तेव्हा घरोघरच्या बायकांनी गट करून एकत्र खरेदी केली, वाटप केलं, हिशोब ठेवले. मोर्चा आणि वही या दोन्ही गोष्टी त्यांच्या हातात होत्या. ११ मार्च २०२१ ला राज्यसेवेची परीक्षा पुढे ढकलली तेव्हा पुण्यातले विद्यार्थी-विद्यार्थिनी रस्त्यावर बसले, आणि काही दिवसांतच परीक्षा घ्यावी लागली. म्हणजे रस्त्यावर बसणं या पिढीला येतं. वही लिहिणं तेवढं आपण त्यांना दिलं पाहिजे.

माझं मागणं थोडकं आहे. तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत जिथे मुली पैसे देऊन अभ्यासाला बसतात तिथे महिन्यातून एकदा पाऊण तास जा. भाषण करू नका. एक वही घेऊन जा आणि पहिल्या पानावर नावं लिहायला सांगा. पावतीचा एक कोरा नमुना सोबत न्या. ‘दादा, पावती द्या’ हे वाक्य एकटीनं म्हणायला जड जातं, दहाजणींनी म्हटलं की ती पद्धत होऊन जाते. आणि त्यांच्या आयांचे नंबर तुमच्याकडे असू द्या, मालकाच्या आधी.

ती वही लिहिणारी मुलगी आता गावी आईच्या बचत गटाचे हिशोब लिहिते. परीक्षेचा अर्ज तिनं तिथूनच भरला आहे. अभ्यासाला बसते ती स्वयंपाकघरात, सगळी निजल्यावर. मागच्या महिन्यात तिचा फोन आला होता. म्हणाली, “ताई, तालुक्याला एक अभ्यासिका निघाली आहे. बाबा हो म्हणतील असं वाटतंय. फी विचारून आले.” मग जरा थांबून म्हणाली, “आणि पावती देतात का, तेही विचारलं.”